ओकणारा डुप्लिकेट

म्हापसा–डिचोली बसमध्ये अस्नोडा यायच्या आधी मी ओकतो. ही तक्रार नाही, वेळापत्रक आहे. विठू कंडक्टर मला तिकिटाबरोबर पिशवी देतो आणि बाकीच्यांना सांगतो, "हेच्या बाजूक बसू नकात, अजून दोन स्टॉप आसत." हाच विठू पुढे माझा एजंट निघाला.

झालं असं, की शिरगावजवळच्या एका बंद खाणीत सिनेमाचं शूटिंग आलं. सिनेमा समुद्राचा. आमच्या पेडण्याला खरा समुद्र आहे, पण दिग्दर्शक सर्वेश सरांच्या मते लाटा रिटेक देत नाहीत. खाणीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचून तळं झालेलं. कडेला लाल, मधे हिरवं, आणि वर साय. त्या सायीवर एक मेलेला बेडूक पोट वर करून पडला होता, सुट्टीवर आल्यासारखा. बाजूला पत्र्याच्या पिंपांवर प्लायवूडचं गलबत तरंगत होतं.

हिरो चौदा वर्षांच्या पोराचं काम करत होता. वय एकतीस, दाढी दिवसातून दोनदा. गलबतावर चढलेला हा पोर पहिले तीन दिवस ओकतो, अशी गोष्ट. हिरोला ते जमेना. दही, भिजवलेली बिस्किटं आणि चिरलेलं गाजर तोंडात धरून तो कॅमेऱ्यासमोर यायचा आणि ऐन वेळी गिळून टाकायचा. तीनदा गिळलं. "अन्न टाकवत नाही," तो म्हणाला. "घरचे संस्कार आहेत."

युनिटची माणसं विठूच्याच बसने येत. त्याने हे ऐकलं आणि सरांना गाठलं. "आमच्याकडे एक आसा. मागसून तुमच्या हिरोसारखोच. पुढसून बघू नकात."

सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला होता, ती आमच्या कोरगावच्या घरात आहे. आईला नववीत धावण्याच्या शर्यतीत बक्षीस मिळालेली. घरातली बाकी सगळी पुस्तकं म्हणजे पंचांगं. कादंबरीतला पोर चौथ्या दिवशी उठतो, स्वयंपाक्यापुढे ताटली ठेवतो आणि म्हणतो, "पोट रिकामं झालं. आता वाढा." बस. तिथून तो पोर राहत नाही. बाबा गेले तेव्हा आई बारा दिवस नुसत्या चहावर होती. तेराव्या दिवशी तिने यशोदाकाकीपुढे ताट ठेवलं आणि हेच वाक्य म्हटलं. काकीला तो विधीचा भाग वाटला. तिने आधी नमस्कार केला, मग वाढलं.

शूटिंगला गेल्यावर स्क्रिप्ट सांभाळणारी हर्षा म्हणाली, की ते वाक्य काढलंय. त्या जागी ड्रोनने वरून घेतलेला शॉट आहे.

मी सरांना म्हटलं, "मी ओकतो. पण वाक्य राहिलं पाहिजे."

"तू ओक तर खरा," सर म्हणाले. "चांगला ओकलास तर ठेवू."

डेकवर तीन दिवसांचे बांगडे पसरले होते. डोळे आत गेलेले, पोटं फुटलेली, माश्या इतक्या की बांगडे हलतायत असं वाटावं. हिरोला वास सोसेना म्हणून त्याने त्यांच्यावर आपलं गुलाबाचं सेंट मारलं. बांगडा एकटा होता तोवर नुसता मेलेला होता. गुलाबाबरोबर तो लग्नाला निघाल्यासारखा झाला. दोन लाइटवाले ओकले, मेकअपची बाई ओकली. मी सोडून सगळ्यांना जमत होतं. मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मला खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. हिरोच्या उष्ट्या वाटीतलं दही कच्च्या अंड्यात घालून पाजलं. दही आंबट होतं, एवढंच. शेवटी विठूला काठावर उभा केला. तो पिशवी फडकवत ओरडू लागला, "करासवाडा... थिवी... अस्नोडा इलो रे, अस्नोडा!"

काही नाही.

"मेल्या," विठू म्हणाला, "रोज माझ्या बशीत फुकट ओकतंस, आणि आज नखरे?"

सर घड्याळ बघत होते. आणखी दहा मिनिटं, मग ड्रोन. मधल्या वेळात हिरो नवे संवाद पाठ करत बसला. मी कठड्याला टेकून ऐकत होतो.

"दर्या," तो म्हणाला, "आजपासून तू माझा बाप नाहीस. मी तुझा बाप."

माझ्या पोटात काहीतरी हललं.

सरांनी त्याला शेवट समजावला. पोर घरी परत येतो तेव्हा आई किनाऱ्यावर नाचते. मागे सॅक्सोफोन. आईचं काम करणारी बाई हिरोहून तीन वर्षांनी लहान आहे. ती त्याला सॅल्यूट मारते आणि म्हणते, "वेलकम, माय कॅप्टन."

मग सुटलं. बसमध्ये असतं तसं नाही. थिवी, अस्नोडा, मुळगाव सगळे स्टॉप एकदम आले. बांगड्यांवर, कठड्यावर आणि सरांच्या हातातल्या स्क्रिप्टवर. कॅमेरावाला प्रशांत कॅमेरा चालू ठेवूनच झोपला होता, त्यामुळे सगळं आलं.

मी तोंड पुसलं. समोर जेवणाची भांडी घेऊन युनिटला वाढणारी शीतल उभी होती. इतकी भूक मला कधी लागली नव्हती. विचार न करता तोंडातून गेलं, "पोट रिकामं झालं. आता वाढा."

"आदी हात धू," शीतल म्हणाली.

छातीवरचा माईक चालूच होता.

सिनेमा लागला तेव्हा आईला घेऊन म्हापशाला गेलो. दर्याचा बाप होता, सॅक्सोफोन होता, सॅल्यूट होता. आईने पदर नाकाला लावला तो सोडलाच नाही. पण मधे माझी पाठ ओकली. मग हिरोचा चेहरा जवळ आला, ओठ हलले आणि आवाज माझा आला. हिरोच्या तोंडी ते वाक्य हॉटेलातली ऑर्डर वाटायचं म्हणे, म्हणून आवाज माझाच ठेवला.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "शी."

मग पदर नाकावरून काढून, "आवाज तुझो."

"होय."

"आणि ओकलो तो?"

"तोही मीच."

घरी तिने विसवणाची, म्हणजे सुरमईची, आमटी केली होती. बाबा गेल्यापासून मधला मोठा तुकडा ती कुणालाच वाढत नसे, सकाळी तो मांजर खाई. त्या दिवशी तिने तो माझ्या ताटात टाकला.

तिला मी सांगितलं नव्हतं, की खाणीवरून आल्यापासून मासा समोर आला की मला गुलाबाचा वास येतो. तेव्हाही आला. तोंडात पाणी सुटलं, ते भुकेचं नव्हतं. आई बघत होती. मी तुकडा काट्यांसकट चावून गिळला.

विठूची पिशवी खिशात होती. ती काढली नाही.