फुंकर

माझा भाऊ अडतीस वर्षांचा आहे, पण मी त्याला अजून धाकट्याच म्हणते. दारू पिऊन गाडी चालवताना तो दोनदा सापडला. पहिल्यांदा दंड झाला, त्याने कानाला खडा लावला. दुसऱ्यांदा वर्षभर लायसन्स गेलं, आणि परत मिळालं ते एका अटीवर. गाडीत यंत्र बसवायचं, त्याच्या नळीत फुंकायचं. श्वासात दारू नसली तर हिरवा दिवा लागतो आणि मगच गाडी सुरू होते. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. आमच्या शेपटाला कोर्टाने नळी दिली, आणि ती मी तोंडात धरली.

हो, मीच फुंकायचे. एकाच लाँड्रीत कामाला होतो आम्ही. मी इस्त्री करायचे, तो धुतलेल्या चादरी व्हॅनमधून हॉटेलांवर पोचवायचा. पहिल्याच सकाळी म्हणाला, "ताई, खोकल्याचं औषध घेतलंय गं. यंत्र उगाच बोंबलेल. तू मार ना फुंकर."

कसलं खोकल्याचं औषध! मला काय नाक नाही? पण ही नोकरी गेली तर हा दिवसभर पीत बसेल, या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता. लहानपणी गुडघा फुटला की तो असाच माझ्यापुढे येऊन उभा राहायचा. आई नव्हती, फुंकर मीच घालायचे. त्या सकाळीही घातली.

यंत्र काही बावळट नव्हतं. साधी फुंकर त्याला चालत नसे. आधी हळू फुंकायचं, मग फुंकता फुंकता घशातून 'हूं' असा सूर काढायचा. मला ते जमायला आठवडा लागला. मग दर फेरीला इस्त्री उभी करून मी मागच्या दाराशी जायचे. हॉटेलच्या दारात तो इंजिन बंदच करत नसे, म्हणजे परत फुंकायला नको. बायका हसायच्या, "निघाली बघा, भावाला धक्का मारायला!" मीही हसायचे. लाज कशी वाटली नाही मला!

एका दुपारी त्याने कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याला उडवलं. त्या माणसाचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. धाकट्याच्या रक्तात दारू सापडली. तिसरी वेळ.

वकील म्हणाले, "लायसन्स कायमचं गेलं, ते विसरा. आता प्रश्न एकच आहे. त्यानेच फुंकलं आणि वाटेत तो प्यायला, असं ठरलं तर व्यसनमुक्ती केंद्रावर भागवता येईल. दुसऱ्या कोणी फुंकलं असेल तर ती कोर्टाची फसवणूक. मग त्याला तीन वर्षं आत, आणि फुंकणाऱ्यालाही सोडणार नाहीत."

माझ्याकडे न बघताच त्यांनी फाईल मिटली.

कोर्टात पेपरवाला पहिल्याच बाकावर होता. पँटचा एक पाय दुमडून त्याला टाचणी लावलेली. मी त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत शपथेवर सांगितलं, "रोज तोच फुंकायचा."

सरकारी वकील नुसते बरं म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून तसलंच एक यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि धाकट्याला बोलावलं. "रोजचंच काम आहे तुमचं. दाखवा फुंकून."

आमच्या वकिलांनी सगळा विचार केला होता, एवढा सोडून.

धाकट्याने गाल फुगवून जोरात फुंकलं. लाल दिवा. दुसऱ्यांदा फुंकलं, खोकला आला. लाल. चार महिने तो आरामात शेजारी उभा राहून बघत होता, शिकला मात्र काहीच नव्हता. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि नळी हातात धरून माझ्याकडे बघायला लागला. अगदी तसाच, गुडघा फुटल्यासारखा.

"अरे, गाल कशाला फुगवतोस?" माझ्या तोंडून निघून गेलं. "हळू फुंक आधी. मग हूं कर, हूं!"

त्याने मुकाट्याने ऐकलं. हिरवा दिवा लागला.

टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. पेपरवाला तेवढा दिव्याकडेच बघत राहिला. तीन वर्षं मीच दिली होती त्याला, माझ्या तोंडाने.

धाकट्याला अजून काहीच कळलं नव्हतं. हिरव्या दिव्यावर बोट ठेवून तो माझ्याकडे वळला.

"ताई," तो म्हणाला, "जमलं की गं मला."