घरटी एक सही

स्टेपलरची पिन कागदातून नीट आरपार गेलीच नव्हती. तिचं एक टोक मागच्या बाजूला तसंच ताठ उभं राहिलं होतं, आणि टोचतंय हे कळूनही संध्याचा अंगठा पुन्हापुन्हा तिथेच जात होता. सोळा पानं. कुळगावच्या झेरॉक्सवाल्याने काढून दिलेली, विधानसभेच्या कामकाजाची सोळा पानं, आणि बाराव्या पानावर नावांच्या दोन याद्या. एरवी सभागृहात सगळे मिळून एका सुरात होय म्हणतात. कोण ओरडलं आणि कोण गप्प बसलं, त्याचा पत्ता कुणालाच लागत नाही. या विधेयकावर मात्र विरोधकांनी मोजणी मागितली, म्हणून एकेकाचं नाव छापलं गेलं. ‘होय’ म्हणणाऱ्यांत त्रेचाळिसावं नाव धर्मराजदादांचं होतं. आपल्या आमदाराचं. कालपासून तिने ते इतक्यांदा वाचलं होतं, की आता ते एखाद्या अनोळखी माणसाचं वाटायला लागलं होतं… तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं.

विधेयकात फार काही नाही, असं ती कामाला होती त्या शाळेच्या ऑफिसात सगळे म्हणत होते. लग्नाच्या नोंदणीआधी मुलामुलीच्या आईवडिलांना घरी पत्र जाणार, त्यांची हरकत ऐकून घेणार, आणि तोवर साठ दिवस नोंदणी थांबणार. एवढंच. एवढंच! – साठ दिवसांत मुलीचं काय काय करता येतं, हे संध्यासारख्या वांगणीच्या शेतकऱ्याच्या मुलीला कुणी शिकवायला नको होतं. सत्त्याण्णव साली असं पत्र घरी आलं असतं, तर बाबांनी दुसऱ्याच दिवशी तिला नगरला मामाकडे पोचवलं असतं, आणि राजेंद्रचं तोंड पुन्हा तिच्या नजरेला पडलं नसतं. पत्र आलं नाही. म्हणून अंबरनाथच्या विहारात दोन हार, एक बुद्धवंदना आणि साक्षीला कौसाबाई नावाची एक खमकी शेजारीण, एवढ्या भांडवलावर कुणब्याच्या मुलीचं बौद्धांच्या मुलाशी लग्न लागलं. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला.

आणि दादांनी शब्द दिला होता. चोरूनमारून नव्हे, हेंद्रेपाड्याच्या विहारात, भरल्या सभेत. ती स्वतः उभी राहिली होती – मी, जी चार माणसांत बोलायला दहा वेळा पदर सावरते, ती मी – आणि विचारलं होतं, “दादा, असा कायदा येणार म्हणतात. तुम्ही कुठल्या बाजूला?” दादांनी हात जोडले. “ताई, बाबासाहेबांच्या फोटोसमोर सांगतो. आपल्या इथल्या लेकीला लग्नासाठी कुणाचा कागद लागणार नाही.” टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांच्या जोरावर ती दुखरा गुडघा घेऊन साठ घरांचे जिने चढली होती, त्यांच्यासाठी मतं मागत. तेव्हा लेकीचं, किर्तीचं, अजून काही नव्हतं. आता होतं. तिच्या उल्हासनगरच्या लॅबमध्ये मशीन दुरुस्त करायला येणारा सुजित, तोही नेमका वांगणीचा, शेतकऱ्याच्याच घरातला. आणि दोघं पुढच्या महिन्यात नोंदणी करायची म्हणत होती. राजेंद्र यावर फक्त “बघू” म्हणाला होता. त्याच्या ‘बघू’मध्ये काय काय असतं, हे आपल्याला कळतं अशी तिची इतक्या वर्षांची समजूत होती.

रविवारी सकाळी दादा संपर्क कार्यालयात लोकांना भेटत. ती गेली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हार घातलेले फोटो, आत-बाहेर करणारी माणसं… तिने बारावं पान उलगडून टेबलावर ठेवलं आणि नावावर बोट ठेवलं.  

“बसा ना ताई. चहा सांगा रे.” दादांनी पान बघितलं आणि तोंड अजिबात कसनुसं केलं नाही, याचाच तिला आधी धक्का बसला. “तुमचा राग बरोबर आहे. मी बोललो होतो, मान्य. पण माझ्या मनाचं नाही केलं ओ. पब्लिकने सांगितलं तेच केलं. खोटं वाटतं? फाईल दाखवतो.”

फाईल जाडजूड होती. विधेयकाला पाठिंबा द्या म्हणणारं वांगणीच्या गावकऱ्यांचं निवेदन, तसंच कुळगावच्या सोसायट्यांचं, कुठल्याशा महिला मंडळाचंसुद्धा. ती पानं उलटत गेली, मनातल्या मनात एकेकाला नावं ठेवत – हे असेच, यांच्याकडून दुसरं काय होणार – आणि मग एक पान आलं, ज्याच्यावरच्या रेघा तिला ओळखीच्या वाटल्या. अनुक्रमांक. कुटुंबप्रमुख. घरातील मतदार. सही. हा तक्ता तिचा होता. नऊ वर्षांपूर्वी पाण्याच्या लाइनीसाठी अर्ज द्यायचा होता, अर्धी माणसं कंपनीत पाळीवर, बायका कामावर, सह्यांसाठी किती फेऱ्या मारायच्या; म्हणून तिनेच पट्टी घेऊन रेघा मारल्या होत्या आणि तोडगा काढला होता – घरटी एक सही, पुढे मतदार किती तो आकडा. सगळ्यांनी वाहवा केली होती. तेव्हापासून विहारातून जाणारा प्रत्येक अर्ज, गटाराचा असो नाहीतर स्पीडब्रेकरचा, याच तक्त्यावर जायचा.

सतराव्या ओळीत राजेंद्र. सहीखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. घरातील मतदार : ३.

“तुमचे मिस्टर पण आले होते ना द्यायला,” दादा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच आश्चर्य होतं. “मला वाटलं, तुम्हाला माहितीये.”

तारीख पौर्णिमेची होती. त्या दिवशी ती विहारामागच्या पत्र्याखाली होती, बायकांबरोबर, खिरीच्या पातेल्यात डाव फिरवत. पुढे विहाराच्या सभागृहात पुरुष बसले होते, हसल्याचा आवाजही आला होता मधूनच, आणि तिने कुणालातरी म्हटलंही होतं, बसलेत बघा आरामात! आत तेव्हा कागद फिरत होता. तीन. एक तो, एक मी, आणि एक – किर्ती. जिच्या वाटेत हा साठ दिवसांचा धोंडा पडणार, तिचंही मत त्याच आकड्यात घालून दिलं होतं, बापाच्या हाताने, आईने आखलेल्या रकान्यात.

चहा तसाच ठेवून ती बाहेर पडली. रिक्षाही केली नाही. उन्हातून चालताना तिला वाटत होतं, की भांडायलासुद्धा आता कुणी उरलं नाही. त्या माणसाने मला फसवलं हे खरंच. पण ज्यांचा तो आमदार, त्यांना कुठे फसवलं? ते तर त्याच्याकडे जाऊन, सही करून, हेच कर म्हणून सांगून आले होते. ज्यांच्यासाठी उभी राहिले म्हणून मी छाती फुगवत होते, ती माणसं माझ्या पाठीमागे होती असं मला वाटलं… पाठीमागे होती खरी, पण कागदावर वाकलेली. आणि इतर सगळ्यांचं एक वेळ सोसलं असतं. राजेंद्रचं सोसत नव्हतं. 

घरी तो मोरीजवळ पाटावर बसून करंदी साफ करत होता. रविवारची करंदी तोच साफ करायचा.

“सही केलीत?”

कसली, असं त्याने विचारलं नाही. “केली.”

“तीन लिहिलंत.”

“घरात तीन आहेत, तीन लिहिले.” एका करंदीचं डोकं मोडून त्याने बाजूला टाकलं.

“आपलं लग्न विसरलात?”

“विसरलो नाही, म्हणून तर केली.” आता त्याने वर बघितलं. “लग्नानंतर चार वर्षं तुझ्या बापाच्या अंगणात उभा राहिलोय मी, संध्या. आत ये कोणी बोललं नाही. पाणी द्यायचे ते पण बाजूला ठेवलेल्या पेल्यात. तू आत जाऊन आईबरोबर जेवायचीस. त्याच गावात माझी पोरगी द्यायची? निदान एक लेटर तरी येऊ दे मला. मला कोणी विचारू तरी दे.”

तू आत जाऊन जेवायचीस. हे त्याने अठ्ठावीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. आंब्याखाली बसून तो आरामात बिडी ओढतोय, गड्यांशी गप्पा मारतोय, असंच तिला वाटायचं… की तसं वाटून घेणं सोयीचं होतं? आई वाढायची, इतक्या महिन्यांनी आलीस म्हणून आणखी एक भाकरी टाकायची, आणि मी जेवायचे. पोटभर जेवायचे.

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू नाही बोलली असतीस,” तो म्हणाला, आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागला.

इतकं साधं होतं ते. तिचं ‘नाही’ त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्याने ते विचारलं नव्हतं. दुपारभर ती खाटेवर पडून राहिली. रडू आलं नाही, नुसता संताप येत राहिला, आणि त्या संतापात मधेच, कुणी न बोलावता, एक वेगळीच गोष्ट आठवली. काल ते कलम पहिल्यांदा वाचताना तिच्या डोळ्यांपुढे एक पाकीट आलं होतं – आपल्या दारात पडलेलं, वर आपलं नाव असलेलं – आणि क्षणभर तिला ते वाईट वाटलं नव्हतं. किर्तीने सुजितचं सांगितलं ते सुद्धा वर्ष उलटून गेल्यावर. आई म्हणून… पण तिने तो विचार तिथेच दाबला, कूस बदलली.

संध्याकाळी किर्ती लॅबमधून आली ती दारातूनच बोलत. “काय झालं गं आई? गेलीस का? काय मत दिलं त्यांनी?”

“होय म्हणाले.”

“फालतू माणूस यार! एवढी डायलॉगबाजी करून?”

“लोकांनीच सांगितलं त्यांना. सह्या करून.”

“कोण लोक?”

आत नळ चालू होता, तो बंद झाला. राजेंद्र ऐकत होता. संध्याने एकदा तिकडे बघितलं, मग मुलीकडे. “आपलेच. विहारातले. आपल्या घरातून तीन मतं गेली.”

किर्ती बॅगेचा पट्टा खांद्यावरून उतरवता उतरवता थांबली. तिला पहिलं मत कुणाचं ते लगेच कळलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. दुसरं स्वतःचं आहे, हे कळायला थोडा वेळ लागला. “माझं पण?” ती म्हणाली. मग हळूच, “आणि तुझं?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तरी किर्ती हलली नाही. “ते कळलं गं. विचारलं असतं तर?”

उत्तर तयार होतं. कालपासून होतं. तेच घेऊन ती आमदाराच्या टेबलापर्यंत गेली होती, नवऱ्यासमोर उभी राहिली होती. आणि आता जिच्यासाठी ते होतं ती समोर असताना तिला वांगणीचं अंगण दिसायला लागलं – त्यात राजेंद्र नव्हता, किर्ती होती, हातात वेगळा ठेवलेला पेला, आणि आत कुणीतरी जेवत होतं…

“नाही म्हणाले असते,” संध्या म्हणाली.

किर्तीने तिच्याकडे बघत मान हलवली, जणू ऐकलं एवढंच सांगायला, आणि बॅग घेऊन आत गेली. प्रश्न आणि उत्तराच्या मधे किती वेळ गेला, ते दोघींनाही कळलं होतं. आपण आत्ता जे बोललो ते खरं की नाही, हे संध्याला कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं.