बुजवलेलं झाकण

मोटर तिसऱ्यांदा बंद पडली ती ऐन तळ्याच्या मध्यावर. बोटीत शिंपीणकाकू होत्या, दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला निघालेल्या. मशीनची वेळ नऊची. नावाडीणबाईने दोरी ओढून ओढून तळहात सोलून घेतले आणि शेवटी वल्ही उचलली. पलीकडे पोचायला पाऊण तास लागला. तोवर मशीनवर दुसरा पेशंट चढला होता. काकूंना दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बाईला बरं वाटलं असतं.

मोटर बाईच्या वडिलांची, तिच्याहून चार वर्षांनी मोठी. या आठवड्याआधी तिने कधी असा दगा दिला नव्हता. बाई तडक मेस्त्रीच्या शेडमध्ये गेली.

"दोनदा कार्बोरेटर साफ केलात, प्लग बदललेत. साफ केलात की वरून नुसतं फडकं फिरवलंत?"

"माझ्या पाण्याच्या पिंपात अर्धा तास चालली," मेस्त्री म्हणाला. "माझ्या टाकीवर. तुमची टाकीही घेऊन या म्हटलं होतं. आणलीत?"

"टाकी म्हणजे पेट्रोलचा पत्र्याचा डबा. त्यात काय बिघडणार? नाचता येईना, अंगण वाकडं!"

शेडमधली गिऱ्हाइकं ऐकत होती. मेस्त्रीने पाना खाली ठेवला. "मग अंगण तुम्हीच सरळ करा, बाई."

धक्क्यावर परतली तर तिचा दादा गाडी लावून उभा. मागच्याच आठवड्यात मित्रांना घेऊन दोन दिवस मासे पकडायला बोट त्यानेच नेली होती.

"परत बंद पडली म्हणे? भंगारात घाल गं ती. तुला झेपणारं काम नाही हे."

तो गेल्यावर तिने बोट धक्क्याला करकचून बांधली आणि मोटर चालू करून पूर्ण ताण दिला. नऊ मिनिटं चालली, खोकली, थंड पडली. तिने लगेच प्लग काढला. ठिणगी चांगली पडत होती, पण प्लग कोरडा ठाक. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. नळीवर हाताने दाबायचा रबरी फुगा असतो. तो पिळलेल्या लिंबासारखा चपटा झाला होता. पुढे मोटरीत काही अडकलं असतं तर फुगा टणक लागला असता. हा चपटा, म्हणजे अडचण मागे. टाकीत.

तिने टाकीचं झाकण सैल केलं. सुस्स! हवा आत शिरली, पत्रा टणकन वाजला आणि फुगा तिच्या डोळ्यांदेखत फुगला.

झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता; रोज सकाळी ती न चुकता उघडत असे. तिने झाकण उलटं केलं. खालून हवेचं भोक राखाडी लांबीने गच्च बुजवलेलं. हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येणार कुठून? आणि फरशांच्या सांध्यांत भरायची ही लांबी गावात एकाच दुकानात मिळायची. दादाच्या.

तिने झाकण त्याच्या गल्ल्यावर आपटलं. "हे कोणी केलं?"

"अगं, ते होय! टाकी भरून आणताना नव्या गाडीत पेट्रोलचा वास मारत होता. जरा लावली लांबी. सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं? तीनदा अडकले मी तळ्यात! आजारी बाई ताटकळली. वर मलाच म्हणतोस, झेपत नाही?"

"एवढंसं भोक ते. केवढं आकांडतांडव!"

"नाकाचं भोकही एवढंसंच असतं, दादा. बुजवून दाखवू?"

दुकानातला नोकर खोकण्याच्या निमित्ताने मागे गेला. दादाचा चेहरा उतरला, पण हार मानेल तर तो दादा कसला! "बोट बाबांची आहे. माझाही हक्क आहे तिच्यावर."

"आहे ना. वल्ही केव्हाही ने. मोटरीला बोट लावलंस तर याद राख."

तिथून ती पुन्हा शेडमध्ये गेली. राग उतरला नव्हता, आता त्यातला थोडा स्वतःवरही होता. गिऱ्हाइकं सकाळइतकीच होती.

"मेस्त्री, तुमचं खरं होतं. बिघाड टाकीचाच निघाला. नको ते बोलले मी."

त्याने मान वर केली नाही. "चारचौघांत बोललात."

"म्हणून चारचौघांतच सांगतेय."

मेस्त्रीने झाकण घेतलं, टोच्याने लांबी टोकरून पाहिली, मग बारीक ड्रिलने भोक मोकळं केलं आणि फुंकर मारली. "टाकीतली जाळी बघितलीत?"

"नाही."

"मग टाकी आणा. आणि आज तरी वाद घालू नका."

जाळीवर मूठभर गाळ निघाला. तो मात्र कोणी घातलेला नव्हता, इतक्या वर्षांत साठलेला होता.

दोन दिवसांनी काकू पुन्हा बोटीत बसल्या. मोटर एकदाही न अडखळता मध्य ओलांडून गेली. बाईच्या कपाळावरची आठी मात्र तशीच. मनातल्या मनात दादाशी भांडण चालूच होतं. काकूंनी पदर सावरत तिच्याकडे निरखून पाहिलं.

"आज मोटरीपेक्षा तुझाच धूर जास्त निघतोय गं."

बाईला हसू आलं, पण तिने ते काकूंना दिसू दिलं नाही.