मोठ्याने वाचणाऱ्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि तीही काम करणाऱ्याची नव्हे, त्याच्यासमोर बसणाऱ्याची. त्यामुळे माझ्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. सुताराने आम्हा दोघी बहिणींना एकाच लाकडातून घडवले आणि आम्ही एका छापखान्यात दाखल झालो. तिथे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधण्याची एक खोली होती.

त्या खोलीची रीतच न्यारी. माझ्यावर बसून मामा लेखकाचे हस्तलिखित मोठ्याने वाचत, अगदी स्वल्पविरामासकट. समोर माझ्या बहिणीवर बसून चुका टिपणारी ताई कच्च्या छपाईवर पेन्सिल फिरवी. मामा तिचे सख्खे मामा नव्हते, पण सारा छापखाना त्यांना मामाच म्हणे. रडका प्रसंग आला की ते वाचन थांबवून डोळे पुसू लागत. मग ताई म्हणे, आधी पूर्णविराम सांगा, मग रडा. यांचा वेळ हसण्याखिदळण्यात जातो, अशी छापखान्याच्या साहेबांची कुरकुर असे. छापून आलेल्या पुस्तकात मात्र चूक औषधालाही सापडत नसे. ते दिवस आठवले की मला अजून भरून येते.

पुढे साहेबांनी ती खोली बंद केली आणि सगळ्यांना घरून, एकेकट्याने काम करायला सांगितले. दोघे मिळून एक पुस्तक तपासतात, वेगळे बसले तर दोन तपासतील, असा त्यांचा हिशेब. ताईने आम्हा दोघींना घरी आणले. सुरुवातीला तिला शांतता आवडली. मग तीच शांतता तिला खाऊ लागली. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत राही. दिवस सरे, पान सरत नसे. माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग साचला. मामांनी एकदा फोन करून विचारले, फोनवरच वाचून दाखवू का? आधीच मागे पडलेय, नंतर बघू, असे ताई म्हणाली. ते नंतर काही आले नाही.

शेवटी व्हायचे तेच झाले. मुलांच्या पुस्तकातल्या एका गोष्टीचे शेवटचे पानच छापायचे राहिले. हस्तलिखित वाचून ताईच्या मनात गोष्ट पुरी झालेली होती, डोळ्यांना काही खटकलेच नाही. साहेबांनी बजावले, पुन्हा असे झाले तर काम बंद.

तेव्हा कुठे ताईने कपड्यांचा ढीग उचलला आणि मामांना बोलावून घेतले. मामा आले, माझ्यावर बसले, त्यांनी नव्या पुस्तकाचे हस्तलिखित उघडले. ताई पेन्सिल धरून वाट पाहत राहिली. मामांची नजर ओळींवरून सरकत होती, पण ओठ मिटलेलेच.

"मामा, मोठ्याने वाचा ना."

"अगं हो," मामा ओशाळले. "मनातल्या मनात वाचायची सवय लागली. घरी बोलणार कोणाशी?"

त्यांनी सुरुवात केली, पण पानभरातच त्यांचा आवाज बसला. ताईने पाणी दिले, पुन्हा पुन्हा दिले. संध्याकाळपर्यंत एक धडाही पुरा झाला नाही. एकटीने तपासले तर पुन्हा चूक राहणार, हे ओळखून दुसऱ्या दिवशी ताईने ते पुस्तक साहेबांना परत पाठवले आणि काम सोडले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी मी रागावणार नाही. पण तुमच्या कामात कोणी समोर बसणारे असेल, तर त्याचा आवाज शाबूत आहे तोवर त्याला बोलवा.