एर्मेलिंदाच्या अकरा ओळी

"वहिनी, जेली पेरतेस होय? मग थोडी साखरही घाल की!"

बांधावरून तिचा दीर क्रेसेन्सियो ओरडला. एर्मेलिंदाने मान वर केली नाही. बादलीत भिजून टम्म फुगलेले काचेसारखे दाणे ती खड्ड्याखड्ड्यांत घालत होती. त्यावर माती, मातीत मक्याचं बी. या दाण्यांची मूठभर कोरडी पूड बादलीभर पाणी पिते आणि मुळांना पुरवून पुरवून देते, असं शेतकी खात्याच्या बाईंनी सांगितलं होतं. साकातेकास प्रांतातल्या त्या कोरड्या गावात सगळ्यांनी पुड्या घेतल्या आणि कोपऱ्यात टाकल्या. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या या एकट्या विधवेनं आपली पुडी वापरायला काढली.

मनात मात्र धाकधूक होती. जांभळ्या कणसांचं हे बी तिच्या आईचं. दोन दुष्काळांत गावातलं असलं जुनं बी सगळं संपलं होतं; उरलं होतं ते एवढंच.

पहिल्या तीन ओळींत तिने प्रत्येक खड्ड्यात ओंजळ भरभरून भिजलेले दाणे घातले. मग हात आखडला, पुढच्या आठ ओळींत मूठ-मूठच. एक सर आली. त्या पहिल्या तीन ओळींतलं बी चिखलात कुजलं.

"सांगितलं नव्हतं?" क्रेसेन्सियो म्हणाला.

"सांगितलंस. आता जा."

त्यानंतर चौतीस दिवस थेंब नाही. त्याचा मका गुडघ्याएवढा होऊन करपला. तिच्या आठ ओळी दुपारी पानं मिटायच्या आणि सकाळी पुन्हा उघडायच्या. ती रोज पहाटे जाऊन बघायची. कणसं आखूड भरली, पण भरली.

कापणीनंतरच्या सभेत बाईंनी वहीत लिहिलं, 'प्रयोग यशस्वी.'

एर्मेलिंदा उठली. एवढ्या माणसांत ती कधी बोललीच नव्हती.

"बाई, तीन ओळी कुजल्या, तेही लिहा. माझ्या हातानं कुजल्या. खड्ड्यात भिजलेले दाणे मूठभरच घालायचे, हे आधी लिहा. नाहीतर दुसऱ्या कुणाचं बी जाईल."

बाईंनी लिहिलेलं खोडलं आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं. मागून क्रेसेन्सियो घसा खाकरत म्हणाला, "वहिनी... दोन कणसं देशील? बियाण्याला?"

लोक हसले. ती हसली नाही. "चार ने. आणि भिजवायचं कसं, ते घरी येऊन शीक."

संध्याकाळपर्यंत नऊ घरांत बी गेलं, स्वतःच्या पेरणीपुरतं तिने बाजूला ठेवलं. पेरायला न चालणारे मक्याचे फुटके दाणे तेवढे खायला उरले. ते तिने चुन्याच्या पाण्यात उकळून वाटले. त्यांची भाकरीसारखी एकच तोर्तिया झाली, निळसर जांभळी. मीठ लावून, दारात उभी राहून तिने ती सावकाश खाल्ली.