संध्याकाळी आणलेला पाऊस

तिने प्रोग्राममधली ती जादा ओळ खोडली आणि आलेख पुन्हा काढला. निळी रेघ निमूटपणे डावीकडे सरकली. संध्याकाळचा पाऊस भर दुपारी येऊन बसला.

तिने पुन्हा करून पाहिलं. तेच. मग लॅपटॉप तसाच उघडा धरून ती सरांच्या खोलीकडे निघाली.

उष्ण प्रदेशातला पाऊस हवामानाची बहुतेक संगणकी मॉडेलं दुपारीच पाडून मोकळी होतात. उपग्रहांना तो दिसतो संध्याकाळी. तिच्या मॉडेलने तो बरोबर संध्याकाळी पाडला होता. शोधनिबंध छापून आला, तिची नोकरी कायम झाली, आता इतर संस्थाही तिचीच पद्धत उचलत होत्या. आणि ढगांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. जागतिक वेळेची स्थानिक वेळ करताना तिने तोच फरक दोनदा मिळवला होता.

सरांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं नाही.

"दार लाव."

तिने लावलं.

"वेळ दोनदा मिळवलीय ना?"

ती उभीच राहिली. "तुम्हाला कसं..."

"निबंध छापून आल्यावर सहज तपासत बसलो होतो. बस गं, उभी का?"

"सर, मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुला? तू पेढे वाटावेत तशी सगळ्यांना आलेख दाखवत फिरत होतीस. आणि वर माझंही नाव आहेच की त्यावर."

"आपण कळवू या. आजच."

"कळव ना." ते शांतपणे म्हणाले. "तुझी नोकरी, माझी निवृत्ती, तुझ्याच पद्धतीवर चाललेले त्या दोन पोरींचे प्रबंध. सगळं बघ आणि कळव. मी नाही म्हणणार नाही."

सरांनी पाय लांब केले, मान खुर्चीला टेकवली.

"खरं सांगू? आज जरा बरं वाटतंय. एकट्याने फार जड जात होतं."

ते हसले. कितीतरी महिन्यांनी तिने त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं.

ती बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये शेजारच्या विभागातल्या बाई पाण्याची बाटली भरत होत्या.

"अगं, तुझी पद्धत आम्हीही घेतोय हं! कमाल केलीस बाई."

लॅपटॉप अजून उघडाच होता. तिने तो मिटून छातीशी धरला.

"थँक्यू," ती म्हणाली.