पुलाखालची हजेरी

बारक्याचं वय एक्कावन्न, वजन ब्याण्णव किलो, आणि कार्यालयातल्या पाटीवर त्याच्या नावापुढे दोन पदव्या होत्या. तरी थोरल्या बहिणीच्या लेखी तो बारक्याच. पदव्या मिळवून त्याने काय केलं, तर जिथे कुणाला काही बांधायचं असेल तिथे आधी जाऊन, त्या बांधकामाने झाडांचं, पाण्याचं आणि जनावरांचं काय होईल याचे अहवाल लिहिले. बहुतेक अहवालांचं सार एका वाक्यात मावत असे: फारसं काही होणार नाही. ते एक वाक्य ऐंशी पानांवर नीट पसरवणं ही त्याची विद्या होती, आणि तिच्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

या खेपेला त्याच्या टेबलावर जो पूल आला, तो ताईच्या गावचा निघाला. दोन कमानींचा दगडी पूल, चालत गेलं तर बावीस पावलांचा. अकरा वर्षांपूर्वी तो जरा खचला, तेव्हा कुणीतरी येऊन दोन्ही टोकांना फलक लावले की तीन टनांहून जड वाहन नेऊ नये. फलक लावून झाल्यावर पुलाची काळजी मिटली आणि ताईची सुरू झाली. तिची नर्सरी ओढ्याच्या पलीकडे. रोपं न्यायला येणारे ट्रक अलीकडेच थांबत, आणि ताई एकेक ट्रकभर रोपं हातगाडीने पुलावरून ओढून आणून देई. आता ती अठ्ठावन्न वर्षांची झाली होती, आणि तिच्या कंबरेने तिच्याशी उघड असहकार पुकारला होता.

नवा पूल मंजूर झाला होता. अट एकच, महिनाअखेरपर्यंत पर्यावरणाचा अहवाल हवा. तो चुकला तर पूल पुन्हा यादीच्या शेपटीला. ती शेपटी केवढी लांब असते हे ताईला चांगलं ठाऊक होतं, तिने तिथेच अकरा वर्षं काढली होती.

आपली सख्खी बहीण तिथे राहते हे बारक्याने मोठ्या साहेबांना आधीच सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा पुसत विचारलं की बहिणीचं काही नुकसान होणार आहे का. नाही, फायदाच होणार आहे, असं कळल्यावर ते म्हणाले, मग तर जास्तच जपून लिही, आणि पुढची फाइल उघडली.

चूक बारक्याची एवढीच झाली, की त्याने बुधवारी सकाळी फोन करून ताईला सांगितलं, उद्या पाहणीला येतोय. पर्यावरण म्हणजे ताईच्या मते स्वच्छता. सगळ्या गावाच्या मते तेच, कारण तिथल्या शाळेच्या भिंतीवर वीस वर्षं या विषयावर एकच वाक्य होतं, कचरा टाकू नका. पर्यावरणवाला माणूस येणार, तोही आपला भाऊ, आणि पुलाखाली ती घाण? ताईने गावातल्या गवंड्याला गाठलं, आणखी सहाजण जमवले, आणि दिवस मावळेपर्यंत तारेच्या ब्रशांनी दोन्ही कमानी आतून घासून काढल्या.

गुरुवारी सकाळी सातला बारक्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून पुलाखाली उतरला आणि उभाच राहिला. तिथे जेवायला बसावं इतकं लख्ख होतं. गवंडी कडेला उभा होता, मुलीच्या बापासारखा, पाहुण्यांना घर पसंत पडतंय का ते बघत.

बारक्याने मधल्या खांबाच्या पायथ्याशी असलेल्या दगडी ओट्याकडे बोट करून विचारलं, इथे आधी काय होतं. गवंडी उत्साहाने सांगू लागला. काळी, चिकट विष्ठा होती, थरावर थर. माशांचे काटे, खेकड्यांची कवचं, आणि वास असा की दोघे जण वर पळाले. शेवटी छिन्नी लावावी लागली.

"अर्धी बादली निघाली, साहेब," तो म्हणाला.

बारक्या त्या ओट्यावरच बसला. त्याच्या धंद्यातली माणसं आयुष्यभर जे हुडकत हिंडतात, ते इथे अर्धी बादली होतं, आणि त्याच्या बहिणीने ते घासून टाकलं होतं. पाणमांजर. कायद्याने जपलेलं जनावर. ते असंच पुलाखालच्या उंच दगडावर विष्ठा टाकून जातं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपण इथून गेलो हे कळावं म्हणून. सरकारी माणसं कोनशिला बसवतात तसंच, फक्त याला समारंभ लागत नाही.

मग त्याला बुटाशेजारी काहीतरी दिसलं. करंगळीएवढं, काळपट, अजून ओलं. तो गुडघ्यांवर आला, ओणवा झाला, आणि नाक दगडाला लावून त्याने एक दीर्घ श्वास घेतला. मासळी, ओला पाला आणि मागे पुसटसा मधाचा गोडवा. हा वास एकदा डोक्यात बसला की सासूच्या आवाजासारखा, कुठूनही ओळखू येतो.

वरून कठड्याला टेकून आठ-दहा माणसं हे बघत होती. दुपारपर्यंत गावात त्याचं नाव लेंडीसाहेब पडलं.

ताईच्या स्वयंपाकघरात बारक्याने सगळं सांगितलं. भावजी कधीच बोलत नसत, दिवसाला मोजून चार वाक्यं, त्यांतलं एक चहाबद्दल. ताई मात्र आधी रागावली, मग घाबरली, आणि मग तिने मार्ग काढला.

"एकच आहे ना? मग तेही पुसते. तू बघितलंच नाहीस."

"बघितलं ना पण, ताई."

"लहानपणी माझी दहा पापं बघितलीस आणि गप्प बसलास. आता एका लेंडीपायी तुला कंठ फुटला?"

बारक्याने तिला समजावलं. पाणमांजर आहे एवढ्याने पूल अडत नाही. ते तिथे बीळ करून राहतं की नुसतं येतं-जातं, हा खरा सवाल. त्याने दोन्ही काठ दोनदोनशे मीटर पालथे घातले होते, बीळ कुठे नव्हतं. आता एवढंच दाखवायचं की जनावर नेमाने पुलाखालून जातं. मग छोटा अहवाल पुरतो: नव्या पुलाखाली त्याच्यासाठी हातभर रुंदीचा ओटा ठेवा, दिवस मावळायच्या आत काम थांबवा, आणि खुशाल बांधा. पण ते नेमाने जाताना दिसलं नाही, तर काहीच सांगता येत नाही, आणि मग बारा महिन्यांचा मोठा अहवाल. रोज दिसतो तो वाटसरू, कधीतरी दिसतो तो संशयित, असा एकूण कायदा.

"मग नेमाने म्हणजे किती?"

"सात सकाळींपैकी पाच."

आणि इथे बारक्याला खात्याच्या नियमपुस्तिकेतलं पान आठवलं. मोजणी सुरू करण्याआधी जागेवरची सगळी जुनी विष्ठा पूर्णपणे काढून टाकावी, म्हणजे नवी तेवढी मोजता येते. कार्यालयातल्या माणसांना हे काम नीट कधीच जमलं नव्हतं. ताईने अडाणीपणाने जे केलं होतं, ते शब्दशः नियमाप्रमाणे होतं, छिन्नीसकट. गुरुवारची सकाळ पहिली धरली तर एक खूण हातात होती. पाहायच्या सहा सकाळी, हव्या चार खुणा, आणि सातवी सकाळ बुधवारी, म्हणजे नेमकी महिन्याच्या शेवटच्या दिवशी.

बारक्याला शहरातून रोज येणं शक्य नव्हतं. नियमात स्थानिक निरीक्षकाची सोय होती. त्याने ताईला फॉर्म दिला, खुणेशेजारी पट्टी ठेवून फोटो कसा काढायचा ते दाखवलं, मोजून झाल्यावर दगड पुसायला सांगितलं. अशा रीतीने, जी बाई काल विष्ठा दिसू नये म्हणून राबली होती, ती आज दिसावी म्हणून पहाटे पाचला उठू लागली.

शुक्रवारी फोटो आला. खूण होती. शनिवारी होती, दोन होत्या, पण एका सकाळच्या दोन म्हणजे एकच, हे ऐकून ताईने नियम करणाऱ्यांच्या घरच्यांची चौकशी केली. रविवारी काही नाही. सोमवारी होती, आणि फोटोत पट्टीशेजारी ताईचा आनंदाने उंचावलेला अंगठाही होता. झाल्या चार. मंगळवारी पुन्हा काही नाही.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. गवंडी म्हणत होता, त्याच्या मांजरीची चालेल का, तीही मासेच खाते. बारक्या म्हणाला, चालणार नाही. मग ओट्यावर दोन मासे ठेवू का? तेही नाही. पाहुणा आपल्या पायांनी यायला हवा. ताई म्हणाली, अरे, जावयाचा मान तरी बरा, त्याला निदान बोलावता येतं.

रात्री वरच्या धरणातून पाणी सोडलं.

बुधवारी सकाळी बारक्या पोचला तेव्हा ओढा तट्ट फुगून कमानींच्या अर्ध्यावर आला होता. ओटा कुठे आहे हेही दिसत नव्हतं. ताई पुलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होती. तिने त्याला पाहिलं, पण काही बोलली नाही, आणि ताईचं न बोलणं हे बारक्याने जन्मात दोनदाच अनुभवलं होतं. दोन्ही वेळा घरात कुणीतरी गेलं होतं.

"पाच लिही," ती शेवटी म्हणाली. "ते आलंच असेल रे. पाण्याखाली दिसत नाही एवढंच."

बारक्यालाही तेच वाटत होतं. बावीस वर्षांत त्याने काय काय लिहिलं होतं. न पाहिलेल्या पक्ष्यांना 'संभाव्य' म्हटलं होतं, न मोजलेल्या झाडांना 'अंदाजे'. पण ते सगळं कुणा परक्याच्या रस्त्यासाठी होतं. बहिणीसाठी खोटं लिहिलं, तर आधी खरं लिहिलेल्या ऐंशी-ऐंशी पानांनाही कुणी विचारणार नाही. तो म्हणाला, चार आहेत, चारच लिहीन.

ताईने मान हलवली. तिने भांडण केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतं म्हणाली, चल, चहा घे, आणि चालायला लागली, कंबरेवर हात ठेवून.

स्वयंपाकघरात बारक्याने फॉर्म टेबलावर पसरला. सातव्या चौकटीत 'नाही' लिहायला पेन टेकवलं, आणि तेवढ्यात भावजींनी त्या दिवसाचं पहिलं वाक्य खर्च केलं.

"घरात मासळी कुणी आणली?"

कुणी आणली नव्हती. बारक्याचं पेन थांबलं. त्याने नाक वर केलं. मासळी, ओला पाला, आणि मागे पुसटसा गोडवा. तो उठला, वास घेत घेत टेबलाभोवती फिरला, आणि वळून बहिणीच्या पायांशी गुडघ्यांवर बसला.

"ताई, उजवा पाय उचल."

"बारक्या, तुला काय होतंय?"

"पाय उचल आधी."

चपलेच्या तळव्याला ते होतं. काळपट, चिकट, त्यात माशाचा खवला चमकत होता. बारक्याने बहिणीकडे वर पाहिलं, आणि एकाएकी त्याचा चेहरा अधिकाऱ्याचा झाला.

"हे तू कुठून आणलंस?"

ताईला प्रश्न कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर ती ताठ झाली. "मी पुसलंय. ते सगळ्या गावाला माहीत आहे," ती म्हणाली. "पण आणून ठेवणाऱ्यातली मी नाही. बापाची शपथ घेऊ की कागदावर सही करू?"

शपथेची गरज पडली नाही. तिघे पुलावर परत गेले, आणि पलीकडच्या टोकाला, वजनाच्या फलकाखालच्या दगडावर त्यांना उरलेला अर्धा भाग सापडला, त्यावर ताईच्या चपलेची नक्षी स्पष्ट उमटलेली. काठावरच्या चिखलातून वर आलेली पाच बोटांची पावलं रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला उतरली होती. खालची वाट बुडाल्यावर जनावर सरळ वरून, रस्त्याने गेलं होतं. बारक्या ती पावलं बघत राहिला. नव्या पुलावरून रात्री ट्रक धावणार होते. खालचा ओटा हातभर रुंद असून भागणार नव्हतं, तो पुराच्या पाण्याहून उंचही हवा होता. हे त्याला ऐंशी पानांतल्या कुठल्याच पानाने सांगितलं नव्हतं.

त्याने सातव्या चौकटीत 'होय' लिहिलं. शेजारी 'नमुन्याची स्थिती' असा रकाना होता. तिथे त्याने जे खरं होतं तेच लिहिलं: अर्धा दगडावर, अर्धा निरीक्षकाच्या चपलेवर. मग ती चप्पल पिशवीत घालून सीलबंद केली, पिशवीवर तारीख घातली, आणि ताईकडून सही घेतली. ताई एका पायात चप्पल घालून घरी गेली, पण चालण्यात अशी ऐट होती की दुसऱ्या पायात काय आहे हे बघायचं कुणाला सुचलं नाही.

मोठ्या साहेबांनी तो रकाना तीनदा वाचला. त्यांनी विचारलं, हे असंच पाठवायचं? बारक्या म्हणाला, असंच घडलंय. साहेबांनी सही केली आणि अहवाल शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना गेला.

तीन आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. पुलाचं काम लगेच सुरू करावं, ओटा पुराच्या पातळीहून वर ठेवावा, अशा अटी होत्या. शेवटच्या कलमात म्हटलं होतं की सादर केलेला पादत्राणाचा नमुना, डावा जोड उपलब्ध असल्यास तुलनेसाठी त्यासह, काम पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावा.

बारक्याने ते फोनवर ताईला वाचून दाखवलं. पलीकडे आधी बराच वेळ हसणं ऐकू आलं, मग हातगाडी टेकवून ठेवल्याचा आवाज.

"डावीही पाठवते," ताई म्हणाली. "त्यांना सांग, पूल झाला की दोन्ही परत नकोत."